बाळीवेशीतली काशम्माची व्हॅन

मित्रांनो, सोलापुरात बाळीवेशीच्या आसपास कधी आलात, तर शेंगाचटणीचा वास येणारी एक पांढरी मारुती व्हॅन तुम्हाला दिसेल. ती मीच. माझं आता वय झालं आहे. उजव्या कुशीवर एक लांब ओरखडा आहे. सरकतं दार उघडायचं तर आधी जरासं वर उचलून मग ओढावं लागतं, आणि नवख्या माणसाला ते काही केल्या जमत नाही. पण इंजिन मात्र अजून पहिल्या चावीला सुरू होतं. घरच्यांना त्याचा अभिमान आहे, आणि मलाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचा दणदणाट, ओल्या रंगाचा उग्र वास आणि हुबेहूब माझ्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांची रांग, एवढंच आता आठवतं. तिथून एका लांबलचक ट्रकवर चढवून आम्हाला खाली आणलं. सोलापुरात उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं.

मला घेतलं ते रुद्रप्पांनी. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांतून टॉवेल आणि चादरी उचलायचे आणि शहरातल्या दुकानांत पोचवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर उभं केलं, काचेखाली विभूतीची तीन बोटं ओढली आणि चाकांखाली लिंबं ठेवली. त्यांची बायको काशम्मा धाकट्या अनिलकुमारला मांडीवर घेऊन पुढं बसली. थोरली शिवलीला मागच्या सीटवर गुडघे टेकून उभी राहिली आणि घरापर्यंत मागच्या काचेतून लोकांना हात करत राहिली.

ती वर्षं चांगली होती. दिवसभर गठ्ठे वाहायचे, संध्याकाळी अंगणात उभं राहायचं. दर रविवारी रुद्रप्पा मला धुवायचे आणि मुलं साबणाचा फेस एकमेकांच्या अंगावर उडवायची. मग एका उन्हाळ्यात रुद्रप्पा दुकानात गठ्ठा उतरवता उतरवता छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्यानंतर मी बराच काळ गल्लीच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होते. टायरांतली हवा गेली. पोटाखाली कुत्री व्यायली. शेजारीपाजारी म्हणत, विकून टाका, गंजून जाईल. काशम्मानं मला विकलं नाही. तिनं तोवर घरी कडक भाकरीचं काम सुरू केलं होतं. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, कुरकुरीत, महिनोन्‌महिने टिकणारी भाकरी. सोबत शेंगाचटणी. हॉटेलवाले आणि दुकानदार मागत होते, पण पोचवायचं कसं? रिक्षातून माल गेला की निम्म्या भाकरींचा चुरा व्हायचा.

एके दिवशी तिनं ताडपत्री ओढून काढली. म्हणाली, "रिक्षावाल्यास्नी खड्डा दिसत न्हाय. मलाच चालवाय लागंल."

साडीचा काचा मारून काशम्मा विजापूर रोडच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला एका बाभळीवर घातलं, कुशीवरचा ओरखडा तेव्हाचा. लोक हसले. पण पुढं पुढं सोलापुरातला एकही खड्डा तिला अनोळखी राहिला नाही. कुठं गाडी हलकी घ्यायची, कुठून अंग चोरून जायचं, हे तिच्या पायांनाच कळायचं. मागं भाकरींच्या थप्प्या असत आणि घरी परत येताना फुटलेल्या भाकरीचा तुकडासुद्धा नसे. नवी पेठेतले दुकानदार तिला "ड्रायव्हर अव्वा" म्हणू लागले. अव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई. तिची मुलंही तिला तेच म्हणत.

मुलं मोठी झाली. शिवलीला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघू लागली आणि लग्न होऊन जुळे सोलापूर भागात राहायला गेली. अनिलकुमार चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला लागला आणि आईजवळ राहिला. मला वाटलं, आता असंच चालायचं.

मग काशम्माचं पोट फुगू लागलं. आधी तिनं ओव्याचं पाणी पिऊन पाहिलं. मग अनिलकुमारनं तिला माझ्यात बसवून दवाखान्यात नेलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा मागच्या सीटवर बसली. तपासण्या झाल्या, मोठं ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले. काशम्मानं डोक्याला पांढरा रुमाल बांधला, वर पदर घेतला, आणि म्हणाली की आता तेलाचा खर्च वाचला.

मित्रांनो, तेव्हा माझ्यात बसून कुणीच त्या आजाराचं नाव घ्यायचं नाही. शिवलीला म्हणायची "गाठ". अनिलकुमार म्हणायचा "ते". काशम्मा काहीच म्हणायची नाही. दिवाळीच्या आधी औषधं संपली, तिच्या अंगात जरा ताकद आली, आणि सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास सोडला. पण थंडी पडली तसं तिचं पोट पुन्हा दुखू लागलं.

पुन्हा तपासणी झाली. काशम्मा आत रक्त द्यायला थांबली होती. दोघं भावंडं डॉक्टरबाईंना भेटून बाहेर आली आणि माझ्या सावलीत उभी राहिली.

"पुढच्या आठवड्यात नवीन औषध चालू करू म्हणाल्यात," शिवलीला म्हणाली. "मी हो म्हणणार आहे."

"अक्का, पण त्यानं बरं होणार नाही असंही म्हणाल्या की त्या."

"रोग थांबंल म्हणाल्या ना. थांबला तर थांबला. हातावर हात ठेवून बसायचं का आपण?"

अनिलकुमार बुटाच्या टोकानं माझं चाक टोकरत राहिला. "अव्वाला काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं. गाठीचं औषध बदललं म्हणू."

तेवढ्यात काशम्मा हाताला कापूस धरून आली. तिनं एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं, दार जरासं उचलून ओढलं आणि आत बसली.

त्याच रविवारी तिनं हुरड्याला जायचा हट्ट धरला. तिची थोरली बहीण सिद्धम्मा वळसंगच्या पुढं आडबाजूच्या एका गावात राहते. शाळूची कणसं दुधावर आली होती. अनिलकुमारची शिफ्ट होती, म्हणून शिवलीलानंच मला काढलं. त्या दिवशी काशम्मा मागं बसायला तयार नव्हती. ती पुढं बसली, आणि अक्कलकोट रस्ता सोडून आम्ही गाडीवाटेला लागलो तशी म्हणाली, "थांब. उतर. मला दे."

"अव्वा, पोटाचे टाके..."

"टाके कवाच वाळले. उतर की."

दोघींनी जागा बदलल्या. कितीतरी दिवसांनी तिचे पाय माझ्या पेडलांवर आले. हलके झाले होते, पण ओळखीचे होते. पहिल्या गिअरमध्ये मी चालू लागले. दोन्ही बाजूंनी शाळू माणसाच्या उंचीला आला होता.

थोडं पुढं गेल्यावर काशम्मा म्हणाली, "डॉक्टरबाई काय म्हनल्या ते आता सांग."

शिवलीला बाहेर बघू लागली.

"मी रस्त्याकडं बघतीय," काशम्मा म्हणाली. "तुझं तोंड मला दिसत न्हाय, माझं तुला दिसत न्हाय. सांगून टाक."

शिवलीला खिडकीकडं तोंड करूनच म्हणाली, "गाठ परत आलीय, अव्वा. लिव्हरवर आणि पोटात आतून सगळीकडं."

"कॅन्सर म्हन की. गाठ गाठ काय लावलंय."

"तुला माहीत होतं?"

"दवाखान्याच्या पाटीवरच लिव्हलंय एवढं मोठं. मला वाचता येतंय." तिनं मला एका दगडावरून अलगद काढलं. "बरं व्हनार का?"

"नाही."

"मग औशीद कशाला?"

"रोगाला धरून ठेवायला. थोडे महिने जास्त मिळतील म्हणाल्या. मिळतीलच असं नाही."

"आन् न्हाय घेतलं तर?"

"तर दुखू नये म्हणून औषधं देतील. पण वेळ कमी. किती कमी ते कुणालाच सांगता येत नाही म्हणे."

एवढं बोलून शिवलीला रडू लागली. काशम्मानं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि लगेच परत गिअरवर नेला. "रडून घे," ती म्हणाली. "मला गाडी थांबवता याची न्हाय, म्होरं चढ हाय."

पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. काशम्मानं हॉर्न दिला नाही. कळप जाईपर्यंत थांबली. शेवटचं कोकरू पलीकडं गेल्यावर म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता मला डॉक्टरबाईशी माझं मी बोलू दे."

शेतात सिद्धम्मानं गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली होती. दोघी बहिणी कन्नडमध्ये मनसोक्त बोलल्या, मध्येच हसल्या, मध्येच एकमेकींचे हात हातात घेऊन बसल्या. काशम्मानं पसाभर हुरडा चटणीशी खाल्ला. परतताना ती मागच्या सीटवर आडवी झाली आणि सोलापूर येईपर्यंत गाढ झोपली. शिवलीला प्रत्येक खड्ड्याला गाडी इतकी हळू करत होती की मागच्या मोटरसायकली वैतागून हॉर्न वाजवत होत्या.

डॉक्टरबाईंकडं या वेळी तिघं मिळून गेली. आत काय झालं ते मला परतीच्या वाटेवर कळलं. काशम्मानं विचारलं होतं, "हे औशीद घेऊन मला भाकरी थापता यील का?" डॉक्टरबाईंनी खरं सांगितलं. या औषधानं कुणाकुणाच्या तळहातांची आणि तळपायांची साल निघते, तोंड येतं. कुणाला त्रास कमी होतो. सुरू करून पाहता येईल, आणि नको वाटलं तर कधीही थांबवता येईल.

"मी घेऊन बघते," काशम्मा म्हणाली. "पर कवा थांबायचं ते मी सांगनार. तुमी दोघांनी मान डोलवायची."

दोघांनी तिथंच मान डोलावली. तेव्हा ते सोपं होतं.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा झाल्यावर औषध सुरू झालं. पहिल्या वेळी काही विशेष झालं नाही. मग हळूहळू तिचे तळहात लाल झाले, मग सोलवटले. डॉक्टरबाईंनी औषधाचं प्रमाण कमी करून पाहिलं, मध्ये जास्त दिवस सोडून पाहिले. तरी तिला चप्पल घालवेना. अनिलकुमार तिला दारातून उचलून माझ्यात आणून बसवायचा. तिचं तोंड इतकं आलं होतं की थंड ताकसुद्धा ती डोळे मिटून गिळायची. भाकरीच्या कामाला येणाऱ्या बायका भट्टी सांभाळत होत्या, पण चटणी चाखून मीठ सांगायला घरात कुणी नव्हतं. नवी पेठेतून तक्रार आली की चव बदललीय.

मार्चमध्ये स्कॅन झालं. शिवलीला रिपोर्ट घेऊन जवळजवळ पळतच माझ्याकडं आली. किती दिवसांनी मी तिचा हसरा चेहरा पाहत होते.

"अव्वा, औषध लागू पडलंय. गाठी लहान झाल्यात."

"हां? चांगलं झालं," काशम्मा म्हणाली.

आम्ही निघालो. कंबर तलावाच्या कडेनं जाताना मागून आवाज आला, "लीला, आता साकु."

साकु म्हणजे पुरे. शिवलीलानं मला रस्त्याकडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं.

"काय साकु? औषध काम करायलंय आणि तू सोडायलीस?"

काशम्मानं दोन्ही तळहात पुढच्या दोन सीटांच्या मधून पुढं केले. "हे बघ. पानी लागलं तरी आग व्हती. कप धरता येत न्हाय मला. औशदानं रोगाला धरून ठिवलंय, व्हय. पर मलाबी धरून ठिवलंय की."

"अजून थोडं घे. माझ्यासाठी घे."

"तुज्यासाठीच मागचे दोन डोस घेतले," काशम्मा शांतपणे म्हणाली. "ते मी तुला सांगितलं न्हाय."

शिवलीलानं चावी फिरवली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीतले सगळ्यात अवघड. भावंडं माझ्याजवळ उभी राहून पुन्हा भांडली. शिवलीला म्हणाली, तू तिला समजावत का नाहीस? अनिलकुमार म्हणाला, "अक्का, तू रविवारी येतीस. मी रोज बघतो तिला." शिवलीलाला ते फार लागलं. म्हणाली, "म्हणून सोडून द्यायला तयार झालास?" अनिलकुमार मोटरसायकलला किक मारून कामावर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शिवलीला एकटीच मला घेऊन डॉक्टरबाईंकडं गेली. तुम्ही तरी आईला समजावा, असं सांगायला. परत आली तेव्हा सीटवर बसली, पण चावी लावलीच नाही. मग तिनं अनिलकुमारला फोन लावला.

"काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"म्हणाल्या, हे औषध थांबवलं म्हणून उपचार थांबत नाहीत. दुखणं, झोप, खाणं, पोटातलं पाणी, सगळ्यावर उपचार चालूच राहणार. त्यांची नर्स घरी येणार. आणि त्यांनी मला विचारलं, तुमच्या आईचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस कसा जातो ते सांगा. अनिल, मला सांगता नाही आलं रे. मला तिचे सगळे रिपोर्ट पाठ आहेत. पण दिवस नाही सांगता आला."

पलीकडून अनिलकुमार म्हणाला, "ये की मग. राहा थोडे दिवस."

शिवलीलानं रजा काढली आणि बाळीवेशीत राहायला आली. घरातलं मला दिसत नाही. मी आपली दारासमोर उभी असते. पण सकाळी तिला आईचे पाय पाण्यात बुडवून, मऊ फडक्यानं टिपून, मलम लावताना मी ओट्यावर पाहिलं. घासभर पेज भरवायला किती वेळ लागतो ते पाहिलं. दुपारी भट्टीवर भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तेव्हा काशम्मा उंबऱ्याशी बसून आपले सोललेले हात मांडीवर ठेवून तो आवाज ऐकत राहायची, तेही आम्ही दोघींनी पाहिलं. आठवडा सरायच्या आत शिवलीला आईशेजारी ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अव्वा, साकु तर साकु."

काशम्मानं तिच्या डोक्यावरून हाताची मागची बाजू फिरवली. तळवे अजून दुखत होते ना, म्हणून.

डॉक्टरबाईंची नर्स सिद्धेश्वरी घरी येऊ लागली. स्कूटरवरून, पाठीला मोठी पिशवी लावून. तिनं दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. अनिलकुमार घाबरला. "सवय लागंल की तिला."

"सांगितल्याप्रमाणं मोजून दिली तर भिण्यासारखं काही नाही," सिद्धेश्वरी म्हणाली. "दुखणं वाढायची वाट बघायची नाही. त्या आधीच गोळी द्यायची. मग बघा, अव्वा तुम्हालाच कामाला लावतील."

तसंच झालं. उन्हाळा लागला, आणि काशम्माच्या हातांवर नवी गुलाबी कातडी आली. तोंड बरं झालं. एका सकाळी तिनं वाटीभर चटणी मागवली, बोटानं चाखली आणि आत बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यात मीठ कुटं हाय? आन् शेंगा करपू दिल्या कुनी?"

आत एकदम हसण्याचा गलका झाला. मला वाटतं, त्या घरात तेवढं कुणी बऱ्याच महिन्यांत हसलं नव्हतं.

तिची ताकद पूर्वीसारखी आली नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पोटात पाणी व्हायचं, ते काढून आणावं लागायचं. काही दिवस ती उठायचीच नाही. पण बरे दिवस जास्त होते, आणि बऱ्या दिवशी ती माल पोचवायला माझ्याबरोबर यायची. ऊन तापायच्या आत आम्ही निघायचो. शिवलीला स्टिअरिंगवर, काशम्मा शेजारी उशीला टेकून, मागं भाकरींच्या थप्प्या. शिवलीलानं कामाचे दिवस कमी करून घेतले होते. शिक, नोकरी कर, म्हणून काशम्मानं तिला कधी भट्टीजवळ फिरकू दिलं नव्हतं. आता शेंगा किती भाजायच्या, लसूण कधी टाकायचा, मुसळ किती जोरात चालवायचं, हे ती लेकीला जाता जाता सांगत होती. आणि खड्डेही शिकवत होती.

"हितं डावीकडून. आता सोड. आगं, सोड म्हनलं तर ब्रेक का दाबायलीस?"

"तूच चालव मग," शिवलीला म्हणायची.

"मी बसून हुकूम सोडनार. लई वर्सं चालवली."

नवी पेठेत दुकानदार तिच्यासाठी खुर्ची आणून गाडीशी ठेवायचे, पण ती खाली उतरायची नाही. माझ्या उघड्या दारात बसूनच सगळ्यांची चौकशी करायची. एका दुकानदारानं तिला चांगल्या मनानं सांगितलं, "अव्वा, मुंबईला दाखवा एकदा. तिथं मोठे डॉक्टर आहेत."

पूर्वी असं कुणी म्हटलं की शिवलीलाचा चेहरा उतरायचा. आता तीच म्हणाली, "दाखवायचं ते दाखवून झालं, काका. आता अव्वाचं चाललंय ते तिच्या मनाप्रमाणं." आणि काशम्मानं दुकानदाराला चटणीचा नवा घाणा चाखायला दिला.

श्रावणात ती थकली. मग माल पोचवायला यायची बंद झाली, मग ओट्यावर यायचीही. सिद्धम्मा गावाहून येऊन राहिली. काशम्माला दवाखान्यात जायचं नव्हतं, आणि ती कुठं असणार हे आधीच ठरलेलं असल्यानं कुणाची धावपळ झाली नाही. मला कुणी घाईघाईनं काढलं नाही. एका सोमवारी सकाळी, दोन घोट चहा पिऊन झाल्यावर, लेक उशाशी आणि मुलगा पायाशी असताना, काशम्मा गेली. तिला दुखत नव्हतं, असं सिद्धेश्वरी सगळ्यांना सांगत होती, आणि ते ऐकून अनिलकुमार पहिल्यांदा मोकळेपणानं रडला.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून, फुलांनी सजवून, खांद्यावरून नेलं. मी मागून गेले, सिद्धम्माला आणि भट्टीवरच्या बायकांना घेऊन. शिवलीला चालवत होती. एकही दणका बसला नाही.

आता माझं कसं चाललंय म्हणाल, तर बरं चाललंय. सकाळी भाकरी आणि चटणी पोचवते. चवीची तक्रार येत नाही. आणि आठवड्यातून काही दुपारी शिवलीलानं मला सिद्धेश्वरीच्या कामाला लावून दिलं आहे. स्कूटरवर ती एवढं सामान नेऊ शकत नव्हती. आता माझ्यात ऑक्सिजनची टाकी असते, घडीची खाट असते, औषधांचे खोके असतात. आम्ही जोडभावी पेठेत जातो, बाळे भागात जातो, कधी पार माढ्याकडंही जातो. प्रत्येक घरापुढं कुणीतरी मुलगा, मुलगी, सून मला टेकून हलक्या आवाजात बोलतात. पुढं औषध द्यायचं का, कुठं न्यायचं, त्यांना सांगायचं का. सगळेच मायेनं बोलतात, सगळेच दमलेले असतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला पुसा, धुवा, जपा. माझं तसं काही मागणं नाही. शिवलीला दर रविवारी मला धुते. माझं सांगणं वेगळंच आहे. तुमच्याही घरात एखादे दिवशी असा प्रसंग येईल, तेव्हा घरातले सगळे मिळून एकाच माणसाबद्दल बोलत असतील आणि ते माणूस पलीकडं, भिंतीच्या आड किंवा मागच्या सीटवर, गप्प बसलेलं असेल. तुम्ही लहान असलात तरी हरकत नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "तुम्हाला काय हवंय?" उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित ते तुम्हाला आवडणारही नाही. तरी तिथून उठू नका.